हत्ती मोजले, मात्रा राहिल्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात तृशूर पूरमची, म्हणजे केरळातल्या तृशूरच्या देवळांच्या मोठ्या उत्सवाची, बातमी मोठ्या फोटोसकट आली. आमच्या विट्याच्या भागात केरळची बातमी कुणी परकी म्हणून वाचत नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव या बाजूची घरटी एक-दोन माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं गाळून चोख करायच्या, धंद्यात बाहेर आहेत. कुणी कोइमतूरला, कुणी लुधियान्याला, कुणी माझ्यासारखी तृशूरला. स्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यावर तुमचं ते पान चार हातांतून फिरून माझ्याकडं आलं. "आण्णा, तुमच्या गावाचं आलंय बघा." पस्तीस वर्षं तिथं भट्टी पेटवली, त्यामुळं 'तुमचं गाव' म्हटलेलं मला लागत नाही.

बातमीत हत्तींचा आकडा बरोबर आहे, तीस. छत्र्यांचे रंगही बरोबर. पण मधे एक वाक्य आहे, "ढोलांच्या दणदणाटात गजराज तालावर डोलत होते." या सहा शब्दांत तीन चुका आहेत. वाद्य ढोल नाही, ते दणदणत नाही, आणि हत्ती डोलतो तो तालावर डोलत नाही. तिन्हींबद्दल लिहितो. पत्र लांबलंय. जागा नसेल तर खुशाल कापा, फक्त सातचा हिशेब आहे तेवढा राहू द्या.

मी १९८४ साली, सतराव्या वर्षी, मामांच्या दुकानात गेलो. पुत्तनपळ्ळी म्हणून तिथं उंच मनोऱ्यांचं चर्च आहे, त्याच्या मागच्या गल्लीत दुकान. तृशूरात सोन्याचं काम घराघरांत चालतं. ओसरीवर पाट टाकून माणसं साखळ्या ओवत बसलेली असतात. त्यांच्या झाडलोटीतला कचरा, मोडीचं सोनं, तुटके तुकडे आमच्याकडं यायचे. मुशीत वितळवायचं, तेजाबात टाकून मळ काढायचा, चोख करून परत द्यायचं आणि टंच सांगायचा. समोर एक तट्टान राहायचे. तट्टान म्हणजे सोनार. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. सगळी गल्ली त्यांना चेट्टन म्हणायची, म्हणजे थोरला भाऊ. मीही तेच म्हणायला लागलो. त्यांच्या लेखी विटा, सांगली, सातारा हे सगळं मुंबईच. मी पस्तीस वर्षं समजावून दमलो.

पहिलं पूरम मी १९८५ ला पाहिलं. 'पाहिलं' असंच म्हणावं लागेल, ऐकायला यायला अजून वेळ होता. दुपारचं ऊन डोक्यावर, अंगाला अंग लागलेलं, समोर दोन-अडीचशे माणसं उघड्या अंगानं वाजवतायत आणि मला त्यातलं काही म्हणजे काही कळत नाही. अर्ध्या तासात डोकं धरलं. बाहेर येऊन संभारम प्यालो (आलं-मिरची ठेचून घातलेलं पातळ ताक, उन्हात त्याच्यासारखं दुसरं काही नाही) आणि दुकानात जाऊन झोपलो. म्हणजे तुमच्या वार्ताहराला मी हसत नाही. मीही तेव्हा पत्र लिहिलं असतं तर 'दणदणाट' हाच शब्द वापरला असता.

दुसऱ्या वर्षी चेट्टननी मला हाताला धरून नेलं. अक्षरशः मनगट धरून. दुपारी एकलाच वडक्कुन्नाथनाच्या, म्हणजे तिथल्या शंकराच्या, देवळाच्या आवारात शिरलो आणि इलंजीच्या झाडाजवळ जागा धरली. इलंजी म्हणजे आपली बकुळ. त्या झाडापाशी वाजतो म्हणून 'इलंजित्तर मेळम'. मेळम म्हणजे सगळ्यांनी मिळून केलेलं वादन. त्याला नाव हत्तीचं नाही, देवाचं नाही, राजाचं नाही, बकुळीचं आहे, हे तुमच्या बातमीत कुठंच आलं नाही.

पूरमची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती आपल्याकडच्या कुठल्याही जत्रेसारखीच आहे. आराट्टुपुळा नावाच्या गावात मोठं पूरम भरायचं, तिथं आजूबाजूचे देव जायचे. एका वर्षी पावसानं तृशूरकडच्या देवांना पोचायला उशीर झाला आणि त्यांना आत घेतलं नाही. मानपान दुखावला. लोक कोचीच्या राजाकडं, शक्तन तंपुरानकडं गेले. राजा म्हणाला, आपलंच पूरम करू, इथंच, वडक्कुन्नाथनापुढं. अठराव्या शतकाच्या अखेरची ही गोष्ट. मानाच्या काठीवरून, पालखीच्या वाटेवरून आपल्याकडं किती जत्रा फुटल्या ते आठवा म्हणजे हे लगेच पटेल. दहा देवळं भाग घेतात. आठ लहान, दोन मोठी. मोठ्या दोन म्हणजे पारमेक्कावू आणि तिरुवंबाडी, आणि खरी ईर्ष्या या दोघांतली. मेडम महिन्यात, आपल्या चैत्र-वैशाखाच्या सुमारास, पूर्वा फाल्गुनी नक्षत्राला हे भरतं. त्या नक्षत्रालाच मलयाळममध्ये पूरम म्हणतात.

वडक्कुन्नाथन हा शंकर. तो कुठं जात नाही, काही करत नाही, नुसता यजमान. त्याची पिंड दिसतही नाही, शतकानुशतकं अभिषेकाच्या तुपाचा ढीग साचून ती आत झाकली गेली आहे. ते तूप उन्हाळ्यातही वितळत नाही असं सांगतात. वितळवणं हाच माझा धंदा, त्यामुळं पहिल्या वर्षी मी पुजाऱ्याला नको ते प्रश्न विचारले होते आणि मामांनी बाहेर येऊन मला झापलं होतं.

आता सात. इलंजीखाली वाजतो तो पांडी मेळम. एरवी केरळातला दंडक असा की देवळाच्या आत पंचारी वाजवायचा आणि पांडी बाहेर. पंचारी सहाचा, पांडी सातचा. इथं मात्र पांडी आवारात वाजतो, हा अपवाद. आम्ही भजनी ठेक्यावर वाढलेली माणसं, आठ मात्रा आमच्या अंगात. सातावर पाय टाकला की खड्ड्यात गेल्यासारखं होतं, एक पायरी कमीच पडते. चेट्टननी माझं मनगट धरून त्यावर दोन बोटांनी ठोकायला सुरुवात केली. तकिट तकधिमि. तीन आणि चार. पण समोर जे चाललं होतं ते इतकं सावकाश की माझा त्याच्याशी मेळच बसेना.

कारण पहिल्या टप्प्यात एक आवर्तन छप्पन्न मात्रांचं असतं. ५६. पुढच्या टप्प्यात २८. मग १४. आणि शेवटी ७. चेट्टननी ते मला संध्याकाळी दुकानात परत समजावलं. तार ओढायची भोकांची पोलादी पट्टी त्यांनी उचलली. सोनं तेच, म्हणाले, वजन तेच. पहिल्या भोकातून ओढलं की तार जाड येते आणि हात हळू चालतो. पुढचं भोक लहान, त्याच्या पुढचं आणखी लहान. तार बारीक होत जाते, लांबत जाते, हात भरभर चालतो. शेवटच्या भोकातून केसासारखी निघते. मेळम तसंच. सुरुवातीलाच बारीक भोकात घातलीस तर तार तुटते.

मी सोनार नाही, गलाईवाला आहे, पण हे मला लागलीच कळलं. शाळेत बेचाळीस टक्के पडलेल्या पोराला छप्पन्न, अठ्ठावीस, चौदा, सात कळलं.

त्यानंतर मी जितकी पूरम बघितली तितक्यांत त्या पहिल्या तासासाठी जायचो. फोटो काढणारे शेवटच्या अर्ध्या तासाला येतात, तेव्हा सगळे हात वर असतात आणि चित्र छान येतं. पण जाणकार आधी येऊन उभे असतात. पन्नाशी-साठीची माणसं, शेतकरी, रिक्षावाले, शिक्षक, मुंडू नेसून, खांद्यावर पातळ पंचा टाकून. कुणी बोलत नाही. छप्पन्नच्या आवर्तनात एक ठोका पडतो आणि मग बराच वेळ नुसती हवा. त्या हवेत ती माणसं उजवा हात हळूहळू उचलत असतात आणि नेमक्या ठोक्याला खाली आणतात. हजार-दोन हजार हात. एकही आधी नाही, एकही मागून नाही. आवर्तन संपताना जो तुकडा वाजतो त्याला कलाशम म्हणतात. मी मनात आपला 'कळस' म्हणायचो. तो संपला की सगळ्यांच्या तोंडून एकच हुंकार निघतो, आमच्याकडं कुस्तीत चितपट झाल्यावर निघतो तसा. मग परत शांतता.

एक महत्त्वाचं राहिलं. एवढ्या मोठ्या मैदानाच्या मधोमध, एवढ्या माणसांत, मेळात कुठं स्पीकर नसतो. वाद्यं आहेत तेवढीच.

वाद्यांची नावंही नीट छापावीत ही विनंती. चेंडा फणसाच्या लाकडाचा, उभा, खांद्याला अडकवलेला. एका तोंडावर कातडं पातळ, दुसऱ्यावर एकावर एक थर चढवून जाड केलेलं. पुढच्या रांगेतले पातळ बाजूवर वाजवतात, बोल त्यांचे. मागच्या रांगांतले जाड बाजूवर, ठेका त्यांचा. त्यांच्या मागं इलत्ताळम, म्हणजे जाड काशाची झांज. समोर तोंड करून कुळल उभे असतात, आपल्या सनईच्या नात्यातले, आणि त्यांच्या पाठीमागं कोंबू. कोंबू म्हणजे आपल्या शिंगाचा भाऊ, अर्धवर्तुळात वळलेला. ही झाली मेळमची मांडणी. सकाळी तिरुवंबाडीचं जे 'मठत्तिल वरव' निघतं त्यात पंचवाद्य असतं, ते वेगळं. त्यात तिमिला, मद्दळम, इडक्का, इलत्ताळम आणि कोंबू, असे पाच. चेंडा त्यात नसतोच. तुम्ही फोटो सकाळच्या पंचवाद्याचा छापला आणि खाली लिहिलं 'इलंजित्तर मेळम'. म्हणजे दिंडीचा फोटो आणि खाली 'लेझीम' लिहिल्यासारखं झालं.

वाजवणारे बरेचसे मारार समाजाचे, देवळात वाजवणं हे त्यांचं पिढ्यांचं काम. अलीकडं इतरही शिकतात. चेट्टनच्या भावाच्या मुलाला चेंडा शिकायचा होता. वर्षभर त्याला चेंड्याला हात लावू दिला नाही. पहाटे उठून दगडावर चिंचेच्या लाकडाच्या दांडक्यानं ठोकायचं. दगड बोलत नाही, त्यामुळं चूक लपत नाही, असं त्याचे आशान, म्हणजे गुरुजी, म्हणायचे. आमच्या गल्लीत पहाटे साडेचारला तो टक टक आवाज सुरू व्हायचा आणि मामा झोपेतच शिव्या घालायचे.

मी तिथं होतो त्यातली शेवटची वीस वर्षं इलंजीखाली पेरुवनम कुट्टन मारार प्रमाणी होते. प्रमाणी म्हणजे मधला, सगळ्यांना धरून चालणारा. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. एकूण २४ वर्षं त्यांनी तो मेळम चालवला, २०२३ पासून किळक्कूट्ट अनियन मारार आले. आम्ही तेव्हा भारतीय क्रिकेट संघाचा कप्तान बदलल्यावर वाद घालतात तसा फोनवरून वाद घातला. चेट्टन एकीकडं, मी दुसरीकडं. कोण कुणीकडं ते इथं लिहीत नाही, तृशूरात माझी अजून उधारी आहे.

आता हत्ती.

हे लिहायला मला जड जातंय, कारण पहिली दहा-बारा वर्षं मी पक्का हत्तीवाला होतो. तिथं त्याला आनप्रेमी म्हणतात. पोरांना हत्तींची नावं, उंची, सोंडेवरचे ठिपके, कानाचा आकार तोंडपाठ. कुठल्या हत्तीचं डोकं वर राहतं आणि कुठला मान टाकतो यावर पैजा लागतात. हत्तींचे फ्लेक्स लागतात, आपल्याकडं पुढाऱ्यांचे लागतात तसे. मीही दुकानात कॅलेंडर लावलं होतं. आमच्या घरच्यांना तर आदल्या दिवशीचं आनच्चमयम, म्हणजे हत्तींच्या दागिन्यांचं प्रदर्शन, पूरमपेक्षा जास्त आवडायचं. लग्नानंतर त्यांना पहिल्यांदा नेलं तेव्हा नेट्टिपट्टमसमोर अर्धा तास उभ्या राहिल्या. नेट्टिपट्टम म्हणजे हत्तीच्या कपाळावरचा तो सोन्याचा पडदा. "एवढं सोनं?" मी म्हणालो, तांबं आहे, वर मुलामा. शेकडो गोल, चंद्रकोरी, ठोकून फुगवलेल्या वाट्या कापडावर टाचलेल्या. मुलाम्याचं काम मात्र खणखणीत, धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. तरीही त्यांचा विश्वास बसला नाही. अजूनही माहेरी सोन्याचं म्हणूनच सांगतात.

एका वर्षी, साल लिहीत नाही, पूरमच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका मोकळ्या जागेवरून सायकलनं जात होतो. हत्ती बांधले होते, दागिने उतरवून. दागिन्यांशिवाय हत्ती एकदम लहान दिसतो, माणसासारखाच. एक हत्ती डोलत होता. डावीकडं, उजवीकडं, डावीकडं. कुठं चेंडा नाही, माणूस नाही, फक्त कावळे. मी म्हणालो, बघा, रात्रीचा मेळम अजून डोक्यात आहे याच्या. जवळ एक म्हातारा माहूत विडी ओढत बसला होता. तो म्हणाला, मेळम नाही, साखळी आहे. एका जागी बांधला की डोलतो. लहानपणापासून डोलतोय.

मग मी खाली बघितलं. मागच्या पायाला साखळीच्या जागी गोल जखम होती, तिच्यात काहीतरी काळपट लेप भरलेला. माशा बसल्या की तो कान हलवायचा, पण कान तिथवर पोचत नाही.

मला तेव्हा आदल्या दुपारचं आठवलं. इलंजीखाली आम्ही माणसं घामानं निथळत होतो, पंचे ओले करून डोक्यावर टाकत होतो. हत्ती कातडीतून आपल्यासारखा घाम काढू शकत नाही. अंगावर झूल, कपाळावर तांबं, पाठीवर चार माणसं, छत्री, पांढऱ्या चवऱ्या, मोरपिसांचे पंखे, पायाखाली तापलेली जमीन. माहूत मधूनमधून पोती ओली करून पायाखाली टाकतात, कलिंगडं चारतात, हे खरं आहे आणि ते मायेनं करतात हेही खरं. पण पाय उचलून धरणं, एक टेकवणं, दुसरा उचलणं, यालाच आम्ही इतकी वर्षं 'तालावर डोलतोय' म्हणत होतो. कॅलेंडर मी लगेच काढलं नाही. वर्ष संपल्यावर नवीन लावलं नाही, एवढंच.

हे सगळं तिथल्या लोकांना माहीत नाही असं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं नियम घातले, दोन हत्तींत निदान तीन मीटर अंतर, हत्ती आणि माणसं किंवा वाद्यं यांत आठ मीटर, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच रस्त्यावरून मिरवणूक नाही. पारमेक्कावू आणि तिरुवंबाडी, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी दोन्ही देवस्थानं, एकत्र सर्वोच्च न्यायालयात गेली आणि डिसेंबरात स्थगिती आणली. त्यांचंही म्हणणं समजतं. एकेका बाजूचे पंधरा हत्ती तीन-तीन मीटरनं उभे केले तर ती ओळ ओळ राहत नाही, आणि मेळम दुपारीच वाजतो. पण २०१८ च्या गणनेत केरळात ५२१ पाळीव हत्ती होते आणि तेव्हापासून आकडा उतरतोच आहे. पूर्वी बिहारमधून, सोनपूरच्या बाजारातून हत्ती यायचे, ते आता बंद आहे. उत्सव वाढतायत आणि हत्ती तेवढेच, नव्हे कमीच. म्हणजे एकेका हत्तीला एका उन्हाळ्यात किती दारं फिरावी लागत असतील याचा हिशेब गलाईवाल्यालाही करता येतो.

२०२३ साली तृशूर जिल्ह्यातच इरिंजाडप्पिळ्ळीच्या कृष्ण मंदिरात यांत्रिक हत्ती आणला. लोखंड, रबर, मोटार. कान हलवतो, शेपूट हलवतो. मी व्हिडिओ बघितला. खरं सांगायचं तर मला तो बाहुल्यासारखा वाटला. पण त्याच्या पायाशी एक चार वर्षांची पोरगी खेळत होती आणि तिची आई निवांत उभी होती. हे दृश्य खऱ्या हत्तीपाशी मी पस्तीस वर्षांत बघितलं नाही.

माझं मत मी चेट्टनना सांगितलं तेव्हा ते भडकले. हत्तीशिवाय पूरम म्हणजे नवऱ्याशिवाय वरात, असं म्हणाले. पण २०२० ला करोनामुळं पूरम झालंच नाही, आणि २०२१ ला प्रेक्षकांविना झालं, तेव्हा तिरुवंबाडीनं देवी एकाच हत्तीवर आणली. पंधराच्या जागी एक. मी तेव्हा गावी आलो होतो, शेतात बांधावर बसून मोबाईलवर बघत होतो. संध्याकाळी चेट्टनचा फोन आला. मी विचारलं, काय कमी वाटलं? ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, माणसं. आणि मग हत्ती कमी असल्याचं म्हणाले, पण आधी माणसं म्हणाले. मी ते धरून ठेवलंय.

आता कुणी म्हणेल, केरळच्या हत्तीचं विट्याच्या माणसानं कशाला बोलावं. २०२५ च्या जुलैत न्यायालयाच्या आदेशानं नांदणी मठाची महादेवी हत्तीण जामनगरला नेली, तेव्हा कोल्हापूर-सांगलीत केवढा कल्लोळ झाला ते आपणच पानंच्या पानं छापलंत. आमच्या गावातही सह्यांचे कागद फिरले. माझ्याकडं आले. लोकांचं रडू खोटं नव्हतं, इतक्या वर्षांची माया होती. मी पेन हातात घेतलं आणि मला तो सकाळचा डोलणारा हत्ती दिसला. सही केली नाही. चहाच्या गाड्यावर आठवडाभर मला कुणी आण्णा म्हटलं नाही.

आतषबाजीबद्दल तुम्ही दोन रकाने लिहिलेत, मी दोन ओळी लिहितो. पहाटे तीनच्या सुमाराला उडवतात. मामा आदल्या रात्री आम्हाला तेजाबाच्या सगळ्या बाटल्या फळीवरून उतरवून वाळूच्या घमेल्यात ठेवायला लावायचे, कारण एकदा हादऱ्यानं एक फुटली होती. १० एप्रिल २०१६ ला कोल्लमजवळ पुट्टिंगलच्या देवळात आतषबाजीत शंभरावर माणसं गेली, तेव्हापासून मला तो आवाज ऐकवत नाही.

संध्याकाळचं कुडमाट्टम, छत्र्या बदलण्याचा तो खेळ, मला अजूनही आवडतो. दक्षिणेच्या गोपुरातून पारमेक्कावूचे हत्ती उतरतात, समोर तिरुवंबाडीचे, आणि मग एकानं जांभळी छत्री उघडली की दुसरा भरजरी लाल उघडतो, आणि मैदान ओरडतं. हल्ली त्यात विजेचे दिवे लावलेल्या, पुतळे बसवलेल्या छत्र्या आल्यात. त्या मला नाही आवडत. पण छत्र्या उघडायला हत्तीची पाठच पाहिजे असं नाही, उंच मचाणावरूनही उघडतील, असं मला वाटतं. इथं माझा आणि चेट्टनचा वाद अजून चालू आहे.

परवाच्या चैत्रात आमच्या गावची जत्रा झाली. धनगरांचे गजीवाले, म्हणजे ढोलावर गजी नाचणारे, आले होते, तीसेक माणसं, पांढरे फेटे, मोठे ढोल. गजीही सावकाश सुरू होते. पहिली पावलं बघणाऱ्याला वाटतं यांना चालता येत नाही. पण त्या दिवशी एका मंडळानं स्पीकरची गाडी आणली होती, पत्रे थरथरत होते, आणि गजीवाले रात्री अकरापर्यंत लिंबाखाली ढोल मांडीवर घेऊन बसून होते. गाडी गेल्यावर उभे राहिले. बघायला आम्ही चाळीसभर माणसं उरलो होतो. त्यांनी पहिलं पाऊल टाकलं तेव्हा माझा उजवा हात आपोआप वर जायला लागला. शेजारच्या पोरानं विचारलं, आण्णा, कुणाला बोलवताय?

तर संपादकसाहेब, दोन मागण्या आहेत. फोटोखालची ओळ दुरुस्त करून छापावी. आणि पुढच्या वर्षी वार्ताहर पाठवणार असाल तर त्यांना सांगा, पूरमच्या दिवशी दुपारी एकच्या आत बकुळीपाशी पोचायचं, नंतर पाय ठेवायला जागा मिळत नाही. चपला बाहेर काढाव्या लागतात, जमीन भाजते, तेव्हा सावली बघून उभं राहायचं. पंचा न्यायचा, ओला करून. कॅमेरा पहिला तासभर पिशवीत ठेवायचा. आधी कळवलंत तर चेट्टनच्या पुतण्याला निरोप देतो, तोच ज्यानं दगडावर ठोकून आमची झोप घालवली. आता तो मागच्या रांगेत जाड बाजूवर वाजवतो. वार्ताहरांना सात सापडले नाहीत तर त्याच्या कोपराकडं बघायचं, छप्पन्नच्या वेळी ते कुठं थांबतं ते.

आपला,
एक गलाईवाला वाचक,
ता. खानापूर, जि. सांगली